साहेबांचे सात खर्डे

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ वीज खात्यातून निवृत्त झाले त्याला आता अकरा वर्षं झाली, तरी सगळी इमारत त्यांना साहेबच म्हणते. म्हणायला पर्यायच नाही. जिन्यात कुणी 'काका' म्हटलं की ते वळून बघतात आणि आपल्या मागे कोण काका उभे आहेत ते शोधतात.

नोकरीत असताना कुठल्या भागातली वीज कधी बंद ठेवायची याचं वेळापत्रक साहेबांच्या टेबलावर ठरे. सगळं शहर आळीपाळीने अंधारात बसे, आमची गल्ली मात्र लखलखीत. आम्हाला वाटे, तारा चांगल्या आहेत. साहेब निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात आमच्याही गल्लीचं नाव वेळापत्रकात लागलं, तेव्हा कळलं की तारांचा काही संबंध नव्हता. साहेबांनी ही गोष्ट मनाला फार लावून घेतली. घरोघरी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आल्या, त्यांनी आणली नाही. बॅटरी घेणं म्हणजे खात्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं म्हणणं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मेणबत्ती लावून पेपर वाचत.

निवृत्तीनंतर साहेबांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. जावयाने जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यावर दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, साहेब रोज सकाळी नऊ ते बारा लिहीत. कचेरीची वेळ त्यांनी घरातही सोडली नव्हती. फक्त कचेरीत या वेळेत काम होत नसे, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. निवृत्तांच्या संघटनेने वार्षिक सभेत पुस्तकाचं प्रकाशन ठरवलं. पाहुणे ठरले, सभागृह ठरलं. छापखान्यात मजकूर द्यायला दोन आठवडे उरले असताना कॉम्प्युटरने एक सूचना दाखवली: डिस्कवरची जागा संपत आली आहे.

त्या डिस्कचे दोन भाग होते. एका कपाटाला दोन कप्पे असावेत तसे. एका कप्प्यात कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, दुसऱ्यात साहेबांचं आयुष्य. पहिला कप्पा भरला होता, दुसरा बराच रिकामा. जावई फोनवर म्हणाला, मी रविवारी येतो, तोवर हात लावू नका. साहेबांनी जन्मभर लोकांच्या घरांतली वीज इकडून तिकडे फिरवली होती. कप्प्याची भिंत चार बोटं सरकवायला त्यांना जावई कशाला हवा? त्यांनी त्यासाठीचा प्रोग्रॅम मिळवला आणि सकाळी साडेनऊला काम सुरू केलं. पडद्यावर ठळक इशारा आला की आधी दुसरी प्रत काढून ठेवा आणि काम पूर्ण होईपर्यंत वीज जाऊ देऊ नका. साहेब हसले म्हणे. आज वेळापत्रकात आपली गल्ली नाही, हे त्यांना पाठ होतं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वीज गेली. वेळापत्रकाबाहेर गेली. साहेबांनी त्याच कचेरीत फोन लावला, जिथे एके काळी त्यांच्या पावलांच्या आवाजाने शिपाई उभे राहत. पलीकडच्या मुलीने तक्रार क्रमांक दिला आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ते वाक्य खात्यासाठी साहेबांनीच लिहून दिलं होतं.

दीड तासाने वीज आली. पहिला कप्पा कण्हत कुंथत उघडला. दुसरा उघडायला गेल्यावर पडदा म्हणाला, हा भाग वाचता येत नाही, वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करू का? साहेबांचं बोट 'हो'वर गेलंच होतं. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचायचा असतो, ही सवय त्यांना कधी लागली नव्हती. वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, फॉरमॅट म्हणजे काय, ते माहीत आहे का तुम्हाला?" माहीत नव्हतं. बोट मागे आलं.

त्यानंतर चार दिवस साहेबांनी जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्यांनी दुरुस्तीचे म्हणवणारे तीन प्रोग्रॅम त्याच डिस्कवर चालवले. मग कुठेतरी वाचलं की बिघडलेली डिस्क गोठवली की जिवंत होते. त्यांनी ती काढून पिशवीत गुंडाळली आणि सहा तास फ्रीझरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली. बाहेर काढल्यावर डिस्क तशीच राहिली, फक्त थंड झाली.

शेवटी वहिनींनीच चौकशी केली आणि बाजारामागच्या रस्त्यावर, ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या माळ्यावर डिस्कमधला मजकूर काढून देणारी एक बाई असल्याचं कळलं. सगळे तिला डिस्कवाली म्हणत. पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं मोजकं. दुकान म्हणजे एक लांब टेबल, तीन पडदे आणि टेबलाखाली ओळीने चार मोठ्या बॅटऱ्या. साहेबांनी त्या बॅटऱ्यांकडे नापसंतीने पाहिलं.

"बसा काका," डिस्कवाली म्हणाली.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग ते बसले.

तिने विचारलं, वीज गेल्यानंतर डिस्कवर आणखी काय काय केलंत? साहेब म्हणाले, काहीच नाही. वहिनींनी तीन प्रोग्रॅमची नावं सांगितली आणि फ्रीझरचंही सांगितलं. डिस्कवालीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. असल्या डिस्का तिच्याकडे नेहमी येत असाव्यात. तिने डिस्क कानाशी धरली, जोडली, थोडा वेळ आकडे पाहिले आणि समजावून सांगितलं की यंत्र धडधाकट आहे, बर्फाची गरज नव्हती. भिंत सरकवताना आतलं सगळं सामान एका टोकाकडून दुसरीकडे हलवलं जात होतं, ते निम्म्यावर थांबलं. थोडं सामान नव्या जागी, थोडं जुन्या, आणि कुठे काय ठेवलंय त्याची यादी दोन्हींकडून तुटलेली. आधी ती अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढणार, मूळ डिस्क बाजूला ठेवणार आणि जे काही करायचं ते नकलेवर करणार. नकलेलाच दोन दिवस लागतील.

साहेबांनी आपली ओळख सांगितली, हुद्द्यासकट. काम जरा लवकर होईल का, असं विचारलं.

"नंबर लागेल तसं होईल," ती म्हणाली आणि एक अर्ज पुढे सरकवला.

घरी येताना साहेब सगळ्या रस्त्याने सांगत होते की या बाईने कधीतरी वीजजोडणीसाठी आपल्या कचेरीत खेटे घातले असणार, आणि आता ती सूड उगवते आहे. चोराच्या मनात चांदणं. वहिनींनी नंतर तिला विचारलंही. तिने साहेबांना त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. जोडणी तिच्या भावाने घेतली होती.

पाचव्या दिवशी निरोप आला. कप्प्याच्या शेवटी त्याच्या नकाशाची एक राखीव प्रत असते, ती शाबूत सापडली होती. तिच्या आधाराने यादीचा जुना भाग जुळला. उरलेला मजकूर मात्र नावाशिवाय, तारखेशिवाय, नुसत्या क्रमांकांनी निघाला होता. दोन हजारांवर तुकडे. आता ज्याचं आहे त्याने बसून एकेक उघडायचं आणि काय आहे ते ओळखायचं.

साहेब अर्धा तास बसले. पहिले चाळीस तुकडे म्हणजे त्यांनीच संपादकांना लिहिलेली, न छापलेली पत्रं निघाली. मग त्यांची कंबर दुखायला लागली. असली कारकुनी आपण कधी केली नाही, असं सांगून ते उठले. त्यांच्या खुर्चीत वहिनी बसल्या.

वहिनी तीन दिवस रोज चार तास जात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना आत्मचरित्र सापडलं. मग पुन्हा सापडलं. दिवस संपेपर्यंत ते सात वेळा सापडलं. साहेब दर दीड वर्षाने नवा खर्डा सुरू करत आणि जुना पुसून टाकत, हे त्यांना ठाऊक होतं. पुसलेलं परत कसं आलं, ते डिस्कवालीने सांगितलं. पुसलं म्हणजे यादीतून नाव काढलं, एवढंच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर मजकूर जागच्या जागी पडून असतो.

प्रत्येक खर्ड्याच्या पहिल्या पानावर साहेबांनी कचेरीच्या सवयीने तारीख टाकली होती, त्यावरून वहिनींनी क्रम लावला आणि सातही खर्ड्यांतलं वादळाचं प्रकरण उघडलं.

ते वादळ शहरात सगळ्यांना आठवतं. भर दुपारी झाडं पडली, तारा तुटल्या आणि रुग्णालयाची वीज गेली तेव्हा आत शस्त्रक्रिया चालू होती. वीस मिनिटांत दुसऱ्या मार्गाने वीज दिली गेली आणि साहेबांचं नाव झालं. बढती मिळाली ती त्यावरच.

पहिल्या खर्ड्यात साहेबांनी लिहिलं होतं: "मी दुपारी जेवून झोपलो होतो. उठवायचं नाही असं सांगून ठेवलं होतं. लाइनमनचा फोन पत्नीने घेतला. हॉलमध्ये माझा तारांचा नकाशा लावलेला असे, तो रोज पुसता पुसता तिला पाठ झाला होता. कोणता खटका पाडायचा आणि कोणता वर करायचा, ते तिने सांगितलं. लाइनमन पावसात खांबावर चढला. मला चार वाजता कळलं."

दुसऱ्या खर्ड्यात साहेब झोपलेले नव्हते, नुसते पडले होते. तिसऱ्यात फोन त्यांनी घेतला आणि नकाशा पत्नीने धरला. चौथ्यात ते जीपमध्ये होते. पाचव्यात खांबाखाली उभं राहून ओरडून सूचना देत होते, आणि पत्नी घरी काळजी करत होती. सहाव्यात पत्नी माहेरी गेली होती. सातव्यात लाइनमनचे पाय लटपटले म्हणून खांबावर साहेब स्वतः चढले. साहेबांना गच्चीच्या शिडीवर चढवत नाही. टाकी बघायला ते मला पाठवतात.

डिस्कवालीने हे सगळं शेजारून वाचलं असावं, कारण वहिनी म्हणतात की तिने पहिल्यांदाच चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "काकू, यातलं कोणतं भरून देऊ?"

"पहिलं."

"आणि बाकीचे सहा?"

"ते माझ्याकडे वेगळे द्या."

छापखान्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. वहिनी घरी न येता थेट छापखान्यात गेल्या. साहेबांना त्यांनी खरं तेच सांगितलं: सापडलं आणि दिलं. साहेबांनी छापलेलं पुस्तक आलं तेव्हा मुखपृष्ठावरचा आपला फोटो बराच वेळ पाहिला आणि प्रती मोजल्या. आत काय आहे ते आपल्याला माहीतच आहे, असा त्यांचा समज.

सभेला मी होतो. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, आणि त्यांनी बोलावलं म्हणून तो लाइनमनही आला होता, आता पार वाकलेला, एका कानाने कमी ऐकणारा. पाहुणे म्हणाले, या पुस्तकातलं एक पान मला फार भावलं, आणि त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. 'जेवून झोपलो होतो' इथवर ते आले तेव्हा साहेबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी एकाग्र होऊन पाहुण्यांचं ऐकत होत्या.

वाचन संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. कुठला अधिकारी असं कबूल करतो? लाइनमन शेजाऱ्याला विचारत होता, काय वाचलं, आणि कळल्यावर मोठ्याने म्हणाला, "मग? बाईसाहेबांनीच सांगितलं होतं. मी तर उलटाच खटका पाडणार होतो."

पडलो तरी नाक वर, ही कला साहेबांना खात्यानेच शिकवली आहे. ते माइकपाशी गेले, घसा साफ केला आणि म्हणाले की लेखणी हातात घेतली तेव्हाच आपण ठरवलं होतं, लिहीन तर सत्यच लिहीन. पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं, पण आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत.

"दुसरी प्रत सापडली नाही का?"

"सापडल्या. सहा. त्यातली कोणती खरी ते सांगा, पुढच्या वेळी ती छापू."

त्यावर रेडिओ लागला, मोठ्या आवाजात.

पुस्तक चांगलं चाललं. साहेब आता निवृत्तांच्या मंडळांत प्रामाणिकपणा या विषयावर बोलायला जातात आणि ते पान स्वतः वाचतात, आवाज जड करून. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आत्मचरित्राचा दुसरा भागही त्यांनी सुरू केला आहे.

वहिनींना डिस्कवालीने विचारलं की आठवड्यातून तीन दिवस याल का. बिननावाचे तुकडे ओळखायला धीर लागतो आणि तिच्या ओळखीत तो दुसऱ्या कुणाकडे नाही. आता वहिनी सकाळी नऊला डबा घेऊन निघतात. एका दंतवैद्याचे रुग्ण त्यांनी एक्स-रेतल्या दातांवरून जुळवले. एका लेखकाचे चार नायक एकच आहेत हे त्यांनी त्याला सांगितलं. तो रागावला, पण तपासलं तर ते खरंच होतं.

परवा जिन्यात साहेब माझ्यापाशी तक्रार करत होते की ही परक्यांचं सगळं वाचते, दुसऱ्या भागाची पानं मात्र हातात घेत नाही. वहिनी कुलूप लावत होत्या. "डिस्क बिघडू दे," त्या म्हणाल्या, "मग सावकाश वाचेन."