पत्ता: गोवंडी

पवईच्या आमच्या ऑफिसात समान संधीचं धोरण लिफ्टसमोर काचेत लावलंय. जात, धर्म, लिंग, अपंगत्व, सगळं त्यात आहे. पत्ता नाही. हे माझ्या लक्षात आलं ते मुलाखती घ्यायला बसले तेव्हा.

ग्राहकसेवेच्या जागेसाठी एक मुलगी आली. तीन भाषा अशा फाडफाड बोलली की माझ्यासारख्या बडबडीलाही मध्ये तोंड घालता येईना. मी जाम खूश! ती बाहेर गेली आणि शेजारच्या मॅनेजरने तिच्या अर्जावर फुली मारली.

"का रे बाबा?"

"गोवंडी."

"मग?"

"लांब पडेल तिला."

सकाळीच याने गोवंडीहून कितीतरी लांबच्या बदलापूरचा मुलगा निवडला होता. "बदलापूर काय पवई तलावाच्या काठावर आलं?"

"तसं नाही गं. तिकडचं वातावरण... समजून घे ना यार."

झोपडपट्टीतली पोरगी नको, हे समजलं, म्हणूनच डोकं फिरलं. अर्जाच्या तळाशी नकाराचं कारण लिहायला जागा असते. आमच्याकडे ती कायम कोरी. मी पेन त्याच्यापुढे धरलं. "आत्ता बोललास तेच लिही आणि खाली सही कर." त्याच्या हातावर मी पाल ठेवावी तसा तो पेनाकडे बघत राहिला. मग फणकारला, "घे दुसरी फेरी! मोठे साहेब ठरवतील."

मी ऐटीत बाहेर गेले आणि, काय सांगू, स्वतःच माती खाल्ली. तिला दुसऱ्या फेरीचं सांगितलं आणि बाजूला घेऊन कुजबुजले, "अगं, पुढच्या अर्जात शेजारचं चेंबूर लिही, ते नाव चालतं. सगळेच लिहितात."

"मागच्या नोकरीत लिहिलं होतं, मॅडम. दोन वर्षं ऑफिसातल्या एकाही मैत्रिणीला घरी बोलावता आलं नाही. आता नको."

मी आत गेले आणि तिचा अर्ज होता तसाच साहेबांकडे पाठवला.

दुसऱ्या फेरीत साहेबांनी अर्ज वाचला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "गोवंडी म्हणजे चेंबूरच ना!"

"नाही सर. गोवंडीच."

घ्या! मी टेबलाखाली मुठी आवळून बसले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, "सोमवारपासून याल?"

संध्याकाळी नेमणुकीचं पत्र छापून आलं. आमच्या क्लार्कने सवयीने पत्त्यात चेंबूर घातलं होतं. मी ते त्याच्यासमोर फाडलं आणि दुसरं निघेपर्यंत प्रिंटरपाशी उभी राहिले.