गोमतीबाईंच्या घरी कोणालाच काही नाही

आमच्या शेजारच्या गोमतीबाई पटले कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. नवरा, बिसनलाल, बाहेर जेवून आलो म्हणाला तरी त्या त्याचा हात हुंगून बघतात. साक्षात देव दवनीवाड्यात आला असता तर त्यालाही त्यांनी आधी विचारलं असतं, "तुले कोणं पाठवलं?"

२००९च्या थंडीत आरोग्य खात्याची आशाताई प्रेमिला सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या सर्वेसाठी घरोघर फिरत होती.

"काकी, घरात कोणाले सिकल आहे? कोणाचे सांधे दुखतेत?"

गोमतीबाईंनी आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते पाहिलं. मग ठणकावून म्हणाल्या, "आमच्या घरी कोणालेच काही नाही. कायले विचारून राहिली?"

आत त्यांची मुलगी रविता गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. मला भिंतीपलीकडे ऐकू येत होतं, आणि अशा वेळी या बाईचा भयंकर राग येतो. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासून रविताला सिकलसेल असल्याचं सांगितलं होतं. नवऱ्या मुलात अर्धा जरी सिकल असला, म्हणजे स्वतःला त्रास नसून नुसता रक्तात दोष असला, तरी नातवंडं आजारी निघू शकतात, हेही बजावलं होतं. पण प्रेमिलाच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं गोमतीबाईंचं पक्कं मत. गावभर झालं तर पोरीला कोण करून घेणार?

पुढच्या महिन्यात स्थळ आलं. मुलगा टिकेश मास्तर, रविताला पाहताक्षणी आवडलेला. चहा झाल्यावर गोमतीबाईंनी त्याच्या आईला, सुलोचनाबाईंना, हळूच विचारलं, "तुमच्याकडे सिकल-बिकल तर नाही न?"

"नाही व बाई! आमच्या गावातही सर्वे झाला न. आमच्या घरी कोणालेच काही नाही."

गोमतीबाई चमकल्या. "रक्त काढलं होतं, का तोंडीच सांगतलं?"

"तोंडीच. आमी का खोटं सांगून राहिलो?"

बिसनलाल डोळे वटारून गप्प राहायला खुणावत होता. गोमतीबाई गप्प राहिल्या असत्या तर त्याच दिवशी लग्न ठरलं असतं.

"म्या पण तोंडीच सांगतलं होतं," गोमतीबाई म्हणाल्या. "माही रविता सिकलची आहे. आता तुमी खरं सांगा."

सुलोचनाबाईंचा चेहरा पडला. टिकेशच खाली मान घालून म्हणाला, "मले अर्धा आहे, काकी. मायनं सांगू नोको म्हणलं होतं."

दोघी आयांनी तेव्हा पहिल्यांदा एकमेकींवर विश्वास ठेवला, आणि सोयरीक तिथंच मोडली.