आकडा मोठ्याने वाच

"चप्पल काढ आणि वर चढ," मॅडम म्हणाली.

मला वाटलं काटा बिघडलाय, बघायचा असेल. अंधेरीतल्या त्या वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनला होते. मॅडम मालकीण. सोफ्यावर सात-आठ बायका, हातात ग्रीन टी. काटा मुद्दाम हॉलच्या मधोमध आणलेला. मी चढले.

"आकडा मोठ्याने वाच."

"ब्याऐंशी."

"बघा," मॅडम सोफ्याकडे वळली, "दिवसभर माझ्यासमोर बसते, तरी ही अशी. तोंडावर ताबा नाही." मग माझ्याकडे बघून हसली. "तुमच्या लोकांत तसंही खाणं भारीच असतं ना? ते सगळं."

ते सगळं. काय ते बोलली नाही. माझं आडनाव तिला माहीत होतं. आम्ही बौद्ध, घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीत राहतो, हेही माहीत होतं. सोफा हसला. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवसापासून डबा बंद. सकाळी चहा, दुपारी नुसतं पाणी. संध्याकाळी घाटकोपरला उतरलं की स्टेशनबाहेरच्या गाडीवर चार वडापाव. भिंतीकडे तोंड करून. चव लागायची नाही, नुसतं कोंबायचं. मग वस्तीतल्या सार्वजनिक संडासात जाऊन घशात बोटं. घरात संडास नाही आमच्या. बाहेर लाइन. आत तो वास, पायाखाली ओलं, आणि मी भांड्यावर वाकलेली. आवाज न करता ओकायला शिकले मी. बाहेर कुणी बादली आपटली की तेवढ्यात उरकायचं.

वस्तीत काय लपतं? शेजारच्या मावशीने भर लाइनीत विचारलं, "काय गं, कितवा महिना?"

आईने ऐकलं. घरात घेतलं आणि मुस्कटात मारली. मग मी सगळं सांगितलं. आईला ते दिवस गेल्यापेक्षा वाईट वाटलं. जालन्याकडची बाई ती, लहानपणी उपाशी झोपलेली. "पोटातलं अन्न बाहेर काढतेस? मुद्दाम?" एवढंच विचारत राहिली.

तीच मला पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथला डॉक्टर मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "हे मोठ्या घरच्या बारीक मुलींना होतं. हिला सांगा, थोडं कमी खा."

आई हललीच नाही. "उलटीत रक्त होतं, साहेब."

तेव्हा त्याने चिठ्ठी लिहिली, वरच्या मजल्यावर पाठवलं.

वर एक मानसशास्त्रज्ञ बसायची. खाण्याच्या आजारांचे पेशंट बघायची. सगळे ताई म्हणायचे. तिच्या खोलीतली खुर्ची रुंद, हात नसलेली. बसले तर मांड्यांना काही रुतलं नाही. हे मला कळायलाच वेळ लागला.

"वजन करायचं ना?" मीच विचारलं.

"लागलं तर करू. तू पाठ करून उभी राहा. आकडा माझ्याकडे राहील."

मग तिने छापील कागद दिला. सकाळी ओट्स, मधे बदाम, दुपारी सॅलड. मी म्हटलं, "ताई, हे आमच्या घरात नाही. हे वाचून मला क्लिनिकवाली मॅडमच दिसते."

तिने कागद परत घेतला आणि फाडला. "चुकलं माझं. घरी काय शिजतं ते सांग."

मी कागदाच्या तुकड्यांकडे बघितलं. मग म्हटलं, "भाकरी. तुरीची डाळ. सुकट. रविवारी..."

"रविवारी काय?"

"वजडी."

तिने डाळ लिहिली होती तशीच वजडी, आतड्यांचं ते कालवण, लिहिली. मी टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होते. नाक जरा तरी मुरडेल. नाही मुरडलं.

"हेच खायचं," ती म्हणाली. "दिवसातून तीनदा, वेळेवर. दुपारी उपाशी राहतेस म्हणून संध्याकाळी तुटून पडतेस. कुणाला बारीक करायला मी इथे बसले नाही."

तिच्याकडे दर गुरुवारी आम्ही पेशंट एकत्र बसायचो. कांदिवलीचा एक रिक्षावाला होता, माझ्यासारखाच ओकणारा. घरी कुणाला सांगितलं नव्हतं त्याने. बोरीवलीची एक गुजराती कॉलेजची मुलगी, नुसती हाडं. ती म्हणाली, मला चपातीची भीती वाटते. माझं डोकं फिरलं. बोलले मी तिला, माझी आई चपातीसाठी रडलीय. ताईने मला अडवलं नाही, तिलाही नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. आवडली नाही मला ती. पण खोटं बोलत नव्हती.

दोन महिन्यांनी क्लिनिकमध्ये एक बाई चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. हॉल भरलेला. मॅडमने मला हाक मारली. "हिला काट्यावर घे. आकडा मोठ्याने वाच."

मुलीने कानातले काढून आईच्या हातात दिले. तेवढंच वजन कमी.

"नाही वाचणार," मी म्हटलं.

"काय?"

"तिचा आकडा मी ओरडणार नाही. माझा तुम्ही ओरडायला लावलात. आणि ते सगळं म्हणजे काय, मॅडम? आज सांगा. वजडी म्हणायचं होतं की जात?"

सोफ्यावर कुणी हसलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाली.

"आत्ताच जाते."

मुलीची आई मॅडमला म्हणाली, "सॉरी हं, तुम्ही चालू ठेवा." मी जिन्यात पोचले तेव्हा मॅडमने स्वतः आकडा वाचला. खणखणीत. बायका हसल्या. त्या मुलीला मी वाचवलं नाही.

आजार गेलेला नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा ओकले. ताईला सांगितलं. तिने एकच विचारलं, "दुपारी जेवली होतीस?" नव्हते जेवले.

काल साकीनाक्याला एका पॅकिंगच्या कारखान्यात कामासाठी गेले. सुपरवायझर म्हणाला, "माल जास्त असला की जेवण पुढेमागे होतं. चालेल ना?"

"नाही चालणार. एक वाजता मी जेवणार. सगळ्यांत बसून, घरी जे शिजलं असेल ते."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ते बघणं मला पाठ आहे. "बघू, कळवतो," म्हणाला.

कळवो, न कळवो. एक वाजता मी जेवणार.