भावसार मास्तरांचं जंगल

नोकरी सोडलेल्या माणसाचे किस्से फार लवकर साठतात. नोकरीत राहिलेल्याचा एकही होत नाही. मी धुळ्याच्या एका हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलं, पण माझ्याविषयी सांगण्यासारखं कोणाकडे काही नाही. आमचे ड्रॉइंग मास्तर भावसार यांनी मात्र पेन्शनीची नोकरी सोडली आणि नाटकाचे पडदे रंगवायला गेले. झालं! गावात ज्याच्या त्याच्याकडे त्यांची एक गोष्ट. बहुतेक सगळ्या त्यांना वेड्यात काढणाऱ्या. त्या मी सांगणार नाही. मी सांगतो त्या माझ्या डोळ्यांदेखत घडलेल्या, नाहीतर खुद्द त्यांच्या तोंडून ऐकलेल्या. सांगताना आवाज चढला तर चढू द्या. मला अजून राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

*

ड्रॉइंग मास्तर म्हणजे शाळेचा फुकटचा रंगारी, अशी आमच्या हेडमास्तरांची पक्की समजूत. फळे काळे करा, बादल्यांवर शाळेचं नाव घाला, भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहा. इन्स्पेक्टर यायचे असले की दारावर वेलबुट्टी काढा. चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदा, तोही शेवटचा, आणि तोसुद्धा बहुतेक वेळा कवायतीला देऊन टाकलेला.

एका वर्षी हेडमास्तरांच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नघराच्या दाराशी दोन्हीकडे हत्ती, त्यांच्यामागे भालदार-चोपदार आणि वर गणपती रंगवायचा, ही आपल्याकडची रीत. भावसारांना हुकूम झाला. तीन दिवस तो माणूस उन्हात शिडीवर उभा होता. हत्ती असे उतरले की वरपक्षाची माणसं पंगत सोडून बघायला आली. हेडमास्तर त्यांना सांगत होते, "आमच्या शाळेतलाच माणूस आहे."

महिनाअखेरीस कळलं, त्या तीन दिवसांची भावसारांची किरकोळ रजा खर्ची टाकलेली. ते विचारायला गेले. मी शेजारीच उभा होतो. हेडमास्तरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही शाळेत नव्हताच ना? नियम म्हणजे नियम."

भिंत त्यांची, मुलगी त्यांची, हत्ती त्यांचे, आणि रजा मात्र भावसारांची.

*

पुढच्या हिवाळ्यात गावात नाटक कंपनी आली. तंबूत रामाच्या वनवासाचा खेळ होता. भावसार आणि मी शेजारी बसलो होतो. जंगलाचा पडदा खाली आला. मुंबईच्या कोणा पेंटरनं विलायती कॅलेंडरवरून उतरवलेला. शंकूसारखी उंच झाडं, खाली कापलेलं गवत, मधे तळं आणि तळ्यात हंस.

भावसार मोठ्यानं म्हणाले, "ह्या जंगलात चौदा वर्षं? इथं तर साहेब लोक बायकापोरं घेऊन हवा खायला येतील!" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

परत येताना त्यांनी मला मनातलं सांगितलं. शाळेच्या मुलांना घेऊन ते एकदा शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका टेकडीपाशी गेले होते. चैत्र होता. साग उघडाबोडका, पळसाला नुसती फुलं, अंजनाची झाडं खडकाला धरून उभी, मोहाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या बाया आणि खाली कोरडा नाला. "हे जंगल कोणी स्टेजवर लावलंच नाही. मला तो एक पडदा रंगवायचाय, आणि त्याच्यापुढे खेळ झालेला बघायचाय. मग बाकी काही नको," असं ते म्हणाले.

मी सुचवलं, शाळेत राहूनच रंगवा.

"शाळेत राहून बादल्या रंगतात," ते म्हणाले.

आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला. हेडमास्तरांनी तो वाचला, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून चौकशी केली आणि मग सांगितलं, जाण्याआधी मुतारीची पाटी तेवढी पुरी करून जा. भावसारांनी ती पुरी केली. इतकी सुरेख अक्षरं त्या शाळेत पुन्हा कोणी काढली नाहीत. मला विचाराल तर मी ब्रश हेडमास्तरांच्या टेबलावर आपटून निघून गेलो असतो. पण ती भावसारांची रीत नव्हती.

*

जावयानं नोकरी सोडल्याची बातमी अमळनेरला पोचली, तसे त्यांचे सासरे, नाना, पुढच्याच गाडीनं धुळ्याला आले. बरोबर एक भगत आणला होता. मूळचा शिरपूरकडच्या डोंगरातला, अंगात आलेलं उतरवण्यात नाव असलेला. नानांचा सरळ हिशेब होता. "सरकारी नोकरी कोनी सोडस का? याले बाहेरनं काही लागेल शे!"

भावसार मधल्या घरात जमिनीवर पसरलेल्या कागदावर त्या टेकडीचा आराखडा काढत होते. भगत कडुनिंबाचा पाला घेऊन आत गेला. आम्ही बाहेर बसलो. बराच वेळ झाला, आतून ना मंत्र ऐकू येतो, ना ओरडणं. नाना अस्वस्थ झाले आणि दार ढकलून आत गेले.

भगतानं पाला बाजूला ठेवला होता. तो कागदाजवळ मांडी घालून बसला होता आणि अंजनाची मुळं खडकातून कशी बाहेर येतात ते भावसारांना बोटानं दाखवत होता. भावसार तिथल्या तिथे रेघा बदलत होते. ती टेकडी भगताच्या गावामागचीच निघाली.

नाना कडाडले, की तुला कशासाठी आणलंय आणि तू करतोस काय! भगत उठला, पाला पुन्हा हातात घेतला आणि शांतपणे म्हणाला, "नाना, याले काही लागेल नही. भूत व्हई ते तुम्हले शे. बसा खाले."

नाना संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

*

पडदा तयार व्हायला अख्खा पावसाळा गेला. पावसाळ्यात कापसाच्या जिनिंगची शेड रिकामी असते. ओळखीच्या एका मालकानं ती वापरायला दिली. मांजरपाटाचे पट्टे भावसार वहिनींनी हातानं शिवून जोडले. रंगात घालायचा हाडाकातड्याचा सरस मात्र घरीच चुलीवर शिजायचा, आणि शिजणाऱ्या सरसाचा वास काय असतो हे ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. गल्ली हैराण. शेवटी शेजारच्या दोघी-तिघी मिळून वहिनींकडे गेल्या. एकीचा नवरा कचेरीत कारकून होता. ती म्हणाली, आमचे मालक नोकरी करतात, पण आमच्या घराला असा वास येत नाही.

वहिनी सरस ढवळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुमचे मालक बाहेरूनच अंघोळ करून घरी येतात, म्हणून येत नसेल."

तक्रार पुन्हा आली नाही. मी ही गोष्ट आमच्या शिक्षकांच्या खोलीत मुद्दाम दोनदा सांगितली.

*

त्या खोलीविषयीही सांगायला हवं. भावसारांना रोज नावं ठेवणारी मंडळी तिथेच बसायची. सगळ्यात पुढे आमचे शास्त्रीबुवा. नाटकवाल्यांच्या पंगतीला बसला, संस्कार बुडवले, आता याच्या घरी पाणी प्यायचं की नाही, असं त्यांचं चाललेलं असे.

पुढे कंपनीनं भावसारांना ठेवून घेतलं. त्यांचं जंगल बघून नव्हे हो! ते बघून कंपनीचे मालक म्हणाले होते, "मास्तर, राम वनवासाला गेला होता, दुष्काळात नव्हता गेला. झाडांना पानं कुठायत?" जंगल गुंडाळून सामानात पडलं आणि भावसारांना राजवाड्याच्या पडद्यावरचे उडालेले खांब सोनेरी करायचं काम मिळालं. ते त्यांनी मुकाट्यानं केलं, कारण पडदा निदान कंपनीबरोबर हिंडत होता.

कंपनी धुळ्याला आली त्या सकाळी शास्त्रीबुवा भावसारांच्या दारात हजर. हसून विचारपूस केली, तब्येत उतरली म्हणाले, पाणी मागून प्याले आणि मग फुकट पासाचं काढलं. स्वतःसाठी, घरातल्यांसाठी, मेव्हण्यांसाठी, मेव्हण्यांच्या मुलांसाठी. त्यांच्या पाठोपाठ शिक्षकांच्या खोलीतले बाकीचेही एकेक करून आले. निर्लज्ज लोक! भावसारांनी एकालाही नाही म्हटलं नाही. मला इतकी चीड आली की मी खिडकीवर पैसे मोजून तिकीट काढलं.

खेळाला गेलो तेव्हा कळलं. सगळ्या पासवाल्यांच्या जागा तंबूच्या मधल्या खांबाच्या बरोबर मागे होत्या. अंक संपेपर्यंत शास्त्रीबुवा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मान काढत होते.

*

शिरपूरला जत्रेच्या दिवसांत कंपनीचा मुक्काम होता. मी सुट्टीत तिकडे गेलो होतो. मुंबईचं जंगल बैलगाडीतून उतरवताना मधोमध फाटलं. खेळ तोंडावर आलेला, दुसरा पडदा नाही. मालक वैतागून म्हणाले, "मास्तर, लावा तुमचं ते वाळवण!"

तंबूत त्या दिवशी डोंगराकडची माणसं भरपूर होती. पडदा उलगडत खाली आला. मग मागून कुजबुज सुरू झाली. बोटं दाखवून एकमेकांना काही सांगणं चाललं. सीता पुढे आली आणि तिनं पद म्हणायच्या आधीचं वाक्य म्हटलं, की नाथ, तहानेनं जीव व्याकूळ झाला, या घोर अरण्यात पाणी कुठलं?

एक म्हातारा उठून उभा राहिला.

"माय, डावा हातले नालामा झिरा शे. जराक उकर, पानी लागी जाई."

दुसरा लगेच म्हणाला, तो आटला, मोहाच्या पलीकडचा चांगला आहे. तिसऱ्यानं दोघांनाही खोटं पाडलं. बाया त्यात पडल्या. सगळ्यांना सीतेची काळजी. सीतेचं काम करणारा नट इतका गोंधळला की त्यानं खरंच डावीकडे वळून बघितलं!

भावसार विंगेत खोक्यावर बसले होते. मी मागून गेलो तर रडत होते. मी गेलो तसाच बाहेर आलो.

मालकांनी दुसऱ्या दिवशी त्यांना चारचौघांत झापलं. लोकांनी नाटक बघायचं की गाव बघायचं, म्हणाले. फाटलेलं मुंबईचं जंगल भावसारांकडूनच शिवून घेतलं, हंसाला नवी मान काढायला लावली आणि तेच पुन्हा लावलं. भावसार आपला पडदा घेऊन धुळ्याला परत आले. त्यानंतर दुकानांच्या पाट्या रंगवून ते पोट भरत. पडदा घरात आढ्याला टांगलेला असे.

*

आता शेवटची गोष्ट. आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मुलं रामायणातला एक प्रवेश करणार होती. हेडमास्तरांनी भावसारांच्या घरी शिपाई पाठवला, की तुमचा जंगलाचा पडदा पाठवा, शाळा तुमचीच आहे. मी म्हटलं, देऊ नका. ते म्हणाले, मुलांचं नाटक आहे, त्यांच्यापुढे लागू दे. आणि पडदा दिला.

गॅदरिंगच्या दुपारी मी हॉलमध्ये गेलो आणि माझं डोकंच फिरलं. अध्यक्ष म्हणून एक रावबहादूर यायचे होते. त्यांच्यासमोर असलं सुकं जंगल बरं दिसत नाही म्हणून हेडमास्तरांनी नव्या ड्रॉइंग मास्तरांना शिडीवर चढवलं होतं आणि टेकडीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, पांढराशुभ्र धबधबा काढून घेतला होता! नवे मास्तर बिचारे, नोकरीला महिना झालेला. खाली मान घालून ब्रश धूत होते.

मी हेडमास्तरांना तिथल्या तिथे विचारलं, की ही चीज दुसऱ्याची आहे, तुम्हाला हात लावायचा अधिकार काय? त्यांनी मला कापडासाठी एवढं तापू नका म्हणून सांगितलं. वर म्हणाले, भावसारांना उलट आनंद होईल, चित्र पुरं झालं.

भावसार आले ते थेट समारंभालाच. दर्शनी पडदा वर गेला, मागचं जंगल दिसलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्यानं बघवेना. प्रवेश संपला. रावबहादूर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, सगळं छान झालं, पण तो धबधबा, वाहवा, अगदी खरा! हेडमास्तर लगबगीनं पुढे झाले. हा कलावंत आमच्याच शाळेत घडला, असं त्यांनी जाहीर केलं, भावसारांना हात धरून स्टेजवर नेलं, त्यांच्या गळ्यात हार घातला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

भावसारांनी हार काढून खुर्चीवर ठेवला. पडद्यापाशी गेले. खिशातून पेन्सिली तासायचा चाकू काढला. नव्या मास्तरांची शिडी विंगेत होती, ती लावून वर चढले आणि धबधबा कडेकडेनं कापायला सुरुवात केली.

वाळलेल्या रंगाचं जाड कापड कापताना आवाज येतो, तेवढाच येत होता. घाई नाही, काही नाही. पळसाच्या एका फुलालाही त्यांनी धक्का लागू दिला नाही. पट्टी सुटून खाली आली. पडद्याला पडलेल्या भोकातून मागे उभा असलेला रावण दिसला. तो केळं खात होता.

भावसार खाली उतरले. धबधब्याची नीट घडी घातली, शाल देतात तशी दोन्ही हातांवर घेतली, हेडमास्तरांसमोर आले आणि वाकून म्हणाले, "साहेब, हे तुमचं चुकून माझ्या सामानात आलं होतं."

हेडमास्तरांनी दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. आणि रावबहादुरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.