जस्ताखालचा रंग

मंडळी, आज सकाळी जेटीवर विठूदादा भेटला. ऐंशीच्या दशकात तो आमच्या बोटीवर खलाशी होता.

बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, जस्ताचं कडं घट्ट आवळतात. खारं पाणी आधी जस्त खातं, म्हणून शाफ्ट वाचतो. पण जस्त उघड्या धातूलाच भिडायला हवं; मध्ये रंग आला की ते काम करत नाही. एका नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी विठूदादा जेवायला गेला होता. पूजेला किनाऱ्यावर ओढलेली बोट देखणी दिसावी म्हणून मी त्याने बसवलेलं जस्त काढलं, शाफ्ट रंगवला आणि जस्त पुन्हा आवळलं.

हंगाम संपला तेव्हा जस्त नवंकोरं होतं आणि शाफ्ट कुरतडलेला. विठूदादानेच रंगावर जस्त बसवलं असं समजून बाबांनी तेच जस्त सुतळीने विठूदादाच्या गळ्यात बांधलं आणि त्याला जेटीभर फिरवलं. लोक हसले. मीही हसलो. पुढे त्याला कुणी बोटीवर घेतलं नाही.

आज इतक्या वर्षांनी मी म्हटलं, "दादा, जस्ताखाली रंग मी लावला होता."

"ते मला तेव्हाच कळलं होतं रे," तो म्हणाला. "सगळ्यांत मोठ्याने तूच हसत होतास."

तुम्ही कधी असं हसला आहात?