थ्रॉलसाहेबांसाठी तीन हाका

थ्रॉलसाहेबांच्या थडग्यावर ‘न्यायी माणूस’ असं कोरलंय. कोरोत बापडे. त्यांच्या कोर्टाच्या दारात अकरा वर्षं नावं पुकारली ती मी.

साहेब वकील होते तेव्हाची गोष्ट. त्यांची बायको गेली आणि तिला पुरायच्या दिवशीच त्यांच्या अशिलाच्या पिठाच्या गिरणीचा दावा लागला. समोरचा वकील पेटीबोन एक दिवस थांबायला तयार होईना. मी तेव्हा जिल्हा कोर्टात होतो. रिवाजाप्रमाणे दारात जाऊन तीनदा पुकारलं, “एसाहेल थ्रॉल!” ओ कोण देणार? निकाल एकतर्फी झाला, गिरणी गेली, आणि पेटीबोन हसत हसत जेवायला गेला.

पुढे थ्रॉल राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुकीने संघराज्याच्या कोर्टाचे जज झाले, तेही तहहयात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. विचारलं एवढंच, “जोथम, आवाज तोच आहे ना रे?” मी हुरळून गेलो. गाढवच मी.

माणूस तसा स्वच्छ. लाच नाही, दारू नाही, आगबोटीने गावोगाव फिरून कोर्ट भरवायचे. पेटीबोनशीसुद्धा अकरा वर्षं सरळ वागले. मग पेटीबोनचा मुलगा नदीत बुडाला. मंगळवारी दफन आणि मंगळवारीच साहेबांपुढे त्याच्या अशिलाचा दावा. म्हातारा टोपी हातात धरून एका दिवसाची मुदत मागायला आला. साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून. पेटीबोन दफनाला निघून गेला.

दहा वाजले. साहेब म्हणाले, “पुकार.”

“साहेब, चर्चची घंटा वाजतेय.”

“ऐकू येतंय मला. तेव्हा पुकारलं होतंस ना, तसंच पुकार.”

नोकरी कशासाठी दिली होती ते तेव्हा कळलं. पोटासाठी मी तीनदा पुकारलं. दफनभूमी रस्त्यापलीकडेच. लोक सांगतात, हातात माती घेतलेल्या पेटीबोनने वळून पाहिलं, पण तो जागचा हलला नाही. साहेबांनी निकाल लिहिला, लेखणी पुसली आणि मला म्हणाले, “उद्यापासून यायची गरज नाही.”

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. वकिलांनी थडग्याशी भाषणं ठोकली आणि सगळे जेवायला पांगले. मी मागे राहिलो. घसा खाकरून त्याच आवाजात तीनदा पुकारलं. नुसतं नाव, साहेब-बिहेब काही नाही.

थोडा वेळ वाट पाहिली.

“गैरहजर,” म्हणालो, आणि टोपी घालून घरी आलो.