अर्ध्या ओळीचं भजन

धानाच्या गिरणीतल्या कोंड्याने माझी फुप्फुसं खराब केली, असं डॉक्टरांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगितलं. दमा एकटा असता तर निभलं असतं. सोबत साखर होती, गुडघे होते. दम्याच्या गोळीने साखर चढायची. गुडघ्यांमुळे चालणं सुटलं आणि चालणं सुटल्यावर श्वास आणखी आखूड झाला. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला मानवत नव्हतं. पण मला लागलं ते वेगळंच. गावच्या भजनी मंडळात ओळ मी सांगायचो आणि बाकीचे ती उचलायचे. आता अर्ध्या ओळीत दम संपू लागला. मी जाणंच सोडलं. देवाने नेमका आवाज का घ्यावा, हे कळत नव्हतं.

महाशिवरात्रीला मंडळ वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेला निघालं, तेव्हा मृदंग वाजवणारा माझा मेहुणा घरी येऊन बसला. "गाऊ नका भाऊजी, नुसते पेटीजवळ बसा," तो म्हणाला. "तुमी नाई तं हे पोट्टे मलेच गायले लावतेत, अन् मंग जत्रा पांगते." हसताना मला खोकला आला; पण गेलो.

वैनगंगेच्या वाळूत मंडळ बसलं. आमच्याकडे पहिली ओळ मंडळातल्या जुन्या माणसानेच सांगायची असते. सगळे माझ्याकडे पाहत थांबले. मी ओळ सुरू केली आणि मध्येच श्वास तुटला. मंडळी रीतीप्रमाणे गप्प. ओळ पुरी झाल्याशिवाय कोणी उचलत नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी माझा तुटलेला सूर धरला, शब्दांवाचून. मी श्वास घेईपर्यंत त्याने तो लांबवला, आणि उरलेली ओळ मी त्यावर ठेवली. सगळं भजन असंच पार पडलं.

तो सिरोंच्याकडचा मासेमार होता, तेलुगू बोलणारा. आमचं भजन त्याला येत नव्हतं आणि आमची रीतही ठाऊक नव्हती. मी हात जोडले, तर अडखळत्या मराठीत म्हणाला, "तुमी आराम घ्या. मी हाय ना." मग आपल्या माणसांबरोबर दर्शनाच्या रांगेत गेला. पुन्हा भेटला नाही.

दुखणी तिन्ही आहेत. पण भजनासाठी रोज संध्याकाळी थांबत थांबत देवळापर्यंत जातो, त्यामुळे श्वास थोडा सुधारला, साखरही ताळ्यावर आहे. मंडळाने रीत बदलली. माझा सूर तुटला की शेजारचा धरतो. पूर्वी ओळ पुरी करणं माझं काम वाटायचं. आता दम सरतो तिथे ती शेजारच्याच्या हवाली करतो. ती खाली पडत नाही.